विकायचं नसलेलं घड्याळ

ती घटना मला आठवावी लागत नाही. ती आपली आपणच येते, बहुधा भर दुपारी, आणि माझ्यासमोर बसून राहते. मी मुदतीआधीच स्वेच्छानिवृत्ती घेतली. पन्नाशी नुकतीच ओलांडली होती, प्रकृती ठणठणीत होती, बढती दाराशी होती. लोकांनी कारण विचारलं तेव्हा मी रक्तदाब सांगितला. खरं कारण एक घड्याळ होतं.

महाड-पोलादपूर पट्ट्यातल्या एका ठाण्यावर मी तेव्हा सहायक निरीक्षक होतो. ठाण्याचं नाव सांगत नाही, माणसांचीही सांगणार नाही. स्वतःला मात्र या आडोशातून वगळतो. पुढे जिथे जिथे 'मी' येईल, तिथे मीच आहे.

सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती. वायरलेसवर खरखर चालू होती आणि ठाणे अंमलदार चहाची वाट बघत जांभया देत होते. साताऱ्याकडच्या एक बाई आल्या. शाळेत शिक्षिका. मी त्यांना ओळखलं. मागच्या पावसाळ्यात त्यांचे पती मोटारसायकलसह घाटातून दरीत गेले होते. महाडच्या एका कारखान्यात इंजिनिअर होते, सुट्टीला घाट चढून घरी जायचे. त्या मृत्यूचा तपास माझ्याकडेच होता आणि तो अपघात म्हणून मी बंदही केला होता.

बाईंनी मोबाईल माझ्या टेबलावर ठेवला. जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीचं पान उघडलेलं होतं. वैमानिकांच्या धर्तीचं ऑटोमॅटिक मनगटी घड्याळ, वापरलेलं, उत्तम स्थितीत, ठिकाण महाड. फोटोत मोठी काळी तबकडी, अंधारातही दिसतील असे ठसठशीत आकडे, भोवती फिरणारं कडं.

"हे माझ्या मिस्टरांचं आहे, साहेब."

"अशी घड्याळं पुष्कळ असतात, बाई."

"पट्टा बघा. ही निळ्या दोऱ्याची शिवण माझ्या हातची आहे. काळा दोरा संपला होता म्हणून निळा घातला. तर म्हणाले, विमानाला निळंच शोभतं."

मी फोटो मोठा करून पाहिला. शिवण निळी होती, आणि घरातल्या माणसाने घातलेली होती. टाके सारखे नव्हते.

"आणखी एक," त्या म्हणाल्या. "इथे तीन फोटो आहेत. काटे तिन्हींत वेगळे. म्हणजे घड्याळ चालू आहे. ह्याला चावी नाही, सेल नाही. मनगट हलत राहिलं की चालतं, काढून ठेवलं की दीड-दोन दिवसांत बंद. ते तापाने पडून असायचे तेव्हा उशाशी बंद पडलेलं मी पाहिलंय. मग आता हे कुणाच्या हातात आहे?"

त्या रडल्या नाहीत. उत्तर हवं होतं म्हणून विचारलं, इतकंच. मला मात्र भर सकाळी मानेवर गार बोट ठेवल्यासारखं वाटलं. मृतदेह ताब्यात घेताना त्यांनी घड्याळाची चौकशी केली होती आणि "दरीत पडलं असेल" असं उत्तर मीच दिलं होतं.

महाडात एसटी स्टँडजवळच्या गल्लीत ते दुकान सापडलं. मोबाईल दुरुस्ती, झेरॉक्स, जुन्या वस्तूंची विक्री, सगळं एकाच फळीवर. दुकानदाराला पोलीस बघून हायसं वाटल्याचं मी नोकरीत तेवढं एकदाच पाहिलं.

"घेऊन जा साहेब, एकदाचं घेऊन जा! डोक्याला ताप झालाय नुसता. विकायला ठेवतात आणि गिऱ्हाईक आलं की नाही म्हणतात. मुंबईची पार्टी आली, पुण्याची आली. मी फोन लावला की पलीकडून विचारणार, कुठला हाय? घरात कोण कोण हाय? कोण गेलं काय त्यांच्यात? अरे, घड्याळ विकतोस की पोरगी देतोस?"

"कोणाचं आहे?"

त्याने नाव सांगितलं. माझ्याबरोबरचे हवालदार खाली बघू लागले, कारण आम्ही दोघंही त्या माणसाला चांगलंच ओळखत होतो.

घाटात गाडी दरीत गेली की पोलीस खाली उतरत नाहीत. कापडे आणि आसपासच्या गावांत काही शेतकरी आहेत, ते दोर बांधून उतरतात आणि मृतदेह वर काढतात. ठाण्यात सगळे त्यांना दोरवाले म्हणायचे. हे गृहस्थ त्यांतले सगळ्यांत जुने. मी त्यांना अरे-तुरे करायचो. वयाने ते माझ्याहून मोठे होते.

कामाची रीत ठरलेली. मृतदेह झोळीत बांधायचा आणि वरून ओढायचा. वाऱ्यात शब्द फाटतो, धुक्यात दिशा कळत नाही, म्हणून बोलणं दोराने. एक झटका म्हणजे सोडा, दोन म्हणजे थांबा, तीन म्हणजे ओढा. मृतदेह रस्त्यावर आला की आम्ही जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून पंचनामा करायचो आणि 'समक्ष जागेवर जाऊन पाहिले' असं लिहायचो. सगळे तसंच लिहायचे.

माझ्या डोक्यात गुन्ह्याची जुळणी झाली. दोरवाला सगळ्यांत आधी एकटा मृतदेहाजवळ पोचतो. घड्याळ काढतो. हंगाम उलटू देतो आणि मग विकायला काढतो, पण भाव चढावा म्हणून अडून बसतो. सरळ गोष्ट होती. अशा सरळ गोष्टी पोलिसाला फार आवडतात.

दोन पंच बोलावून घड्याळ ताब्यात घेतलं. दुकानाच्या काचेखाली ते बंद पडलेलं होतं, तसं पंचनाम्यात लिहिलं. कापडी पाकिटात घालून लाखेचं सील केलं आणि जीपमध्ये हवालदारांच्या मांडीवर दिलं. महामार्गावरून खड्डे खात येताना हवालदार एकाएकी ताठ बसले.

"साहेब, आत चालू झालंय."

"हादऱ्यांनी होतं. आतलं वजन फिरतं."

"असंल," ते म्हणाले, पण पाकीट त्यांनी मांडीवरून सीटवर सरकवलं आणि ठाणं येईपर्यंत त्याला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी त्या जुन्या दोरवाल्यांना बोलावलं. ते स्वतःच एसटीने आले, चपला बाहेर काढून. माझ्या खोलीत हवालदार उभे होते. घड्याळ रीतसर सील उघडून टेबलावर ठेवलं होतं आणि रात्रभर पडून ते पुन्हा थांबलेलं होतं.

"काय रे," हवालदार म्हणाले, "मढ्याच्या हातातलं काढताना हात नाय थरथरला?"

ते गप्प.

"गावात काय सांगणार आता? तुझ्या भरवशावर लोक आपली माणसं काढायला देतात."

तरी गप्प. चौकशीत गप्प राहणारी माणसं दोन प्रकारची असतात. एकाला काय बोलायचं ते सुचत नसतं. दुसऱ्याला कोणासमोर बोलायचं ते ठरवायचं असतं. हे दुसऱ्या प्रकारचे होते, आणि मला ते कळलं नाही. मी एक गोष्ट केली जी आजही मला सहन होत नाही. ते टेबलावरच्या घड्याळाकडे बघत नाहीत, हे माझ्या लक्षात आलं होतं. ऑटोमॅटिक घड्याळ कसं चालतं ते मला पक्कं ठाऊक होतं. त्यांना ठाऊक नाही हेही दिसत होतं. मी घड्याळ उचललं, हलकेच मनगट फिरवलं आणि त्यांच्यासमोर धरलं. सेकंदाचा काटा सरसर निघाला.

"बघ," मी म्हणालो. "तू आलास ते कळलं त्याला."

त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. मला वाटलं, फुटला. पण ते हळूच म्हणाले, "तुमी हातात घेतल्यावर चालू झालं, साहेब."

"मग?"

"माझ्या घरात पण असंच. डब्यात मेल्यावाणी पडून असतं. मी डबा उचलला का सुरू. बायको उचलते तेव्हा पण नाय होत, मी उचलला का होतं. ती म्हणते, घरातून काढ. मला वाटायचं, तो मला एकट्यालाच वळखतो." त्यांनी मान वर केली. "तुमाला पण वळखतो."

बायको डबा भीत भीत, अलगद उचलत असणार आणि यांचे हात थरथरत असणार. एवढं साधं कारण होतं. मी ते सांगितलं नाही. माझ्या हातात काटा फिरत होता आणि मला घड्याळ खाली ठेवता येईना.

"हवालदारांना जरा बाहेर जायला सांगा," ते म्हणाले.

इथे मला थांबून एक गोष्ट लिहायला हवी. त्या अपघाताच्या दिवसाबद्दल वर मी फारसं लिहिलेलं नाही. तसं मी सगळीकडेच टाळत आलो.

पावसाळा उतरणीला लागला होता. दुपार असूनही धुक्याने समोरचा कडा गिळला होता. एरवी दोघं दोरवाले उतरतात. त्या दिवशी दुसरा शेतावरून यायचा होता आणि घाटात दोन्ही बाजूंनी गाड्या तुंबल्या होत्या. मीच म्हणालो, एकटाच उतर, त्याच्यासाठी किती वेळ थांबायचं. ते उतरले. वर दोराला गावातले दोघं, मी, हवालदार आणि जीपचा चालक.

बराच वेळ दोर नुसता पडून होता. मग हाक आली.

माणसाची हाक. 'साहेब' असं काहीतरी. पण दोर गेला होता त्या बाजूने नाही, तर दरीपलीकडच्या कड्यावरून, जिथे उभं राहायला बोटभर जागा नाही. दोर धरलेल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. हवालदार माझ्याजवळ आले आणि कानाशी लागून म्हणाले, "ओ देऊ नका, साहेब. इथे खालून हाक आली की ओ द्यायचा नसतो. दिला त्याला ती घेऊन जाते."

त्या घाटात हे सगळे पाळतात. मी पुण्यात शिकलेला माणूस. मी हसायला हवं होतं. खाली आमचा माणूस आहे, कड्यावर आवाज आदळून येतोय, हे कळायला फार शिक्षणही लागत नाही. मला ते कळलंही. तरी मी ओ दिला नाही. हाक पुन्हा आली. पुन्हा आली. प्रत्येक वेळी थोडी वेगळ्या जागेवरून. मी जीपमध्ये जाऊन बसलो आणि काच वर केली.

शेवटी दोराला तीन झटके आले. झोळी वर आली. माणूस मेलेला होता. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. चालक म्हणाला, "हा तर मेलाय. मग हाक कोणाची होती?" त्या बोलण्याने आमची भीती खरी ठरली आणि आम्हाला बरं वाटलं. दोरवाले मागून वर आले तेव्हा आम्ही कागद करण्यात गढलो होतो, त्यांना कोणी काही विचारलं नाही.

सरकारी दवाखान्यात मी मृताचं डावं मनगट पाहिलं. सुजून टम्म झालं होतं आणि सुजेत पट्ट्याचा खोल वळ होता. मेलेल्या माणसाचा हात सुजत नाही. नोकरीत इतके मृतदेह पाहिलेल्या मला हे कोणी सांगायला नको होतं. मी चादर ओढली आणि कागदावर लिहिलं, जागीच मृत्यू.

हवालदार बाहेर गेल्यावर मी दार लोटलं. दोरवाले टेबलाच्या कडेवर नजर ठेवून बोलू लागले.

"तो जिवंत होता, साहेब. पाठ गेलेली, पण बोलत होता. मेलेला माणूस झोळीत घालून दगडावरनं आपटत ओढला तरी चालतो. जिवंत कसा ओढणार? दुसरा माणूस पायजे होता, फळी पायजे होती. पण दोरावर सांगू कसा? जिवंत हाय, अशी खूणच नाय आपल्यात. कधी लागलीच नाय."

"वर येऊन सांगायचं."

"त्याने माझा सदरा धरलेला. सोडीना. मी हाका मारल्या. तो म्हणाला, हात आवळतोय, घड्याळ काढ. मी काढलं, खिशात टाकलं. तो विचारत होता, वर कोणी हाय ना? मंग ओ का देत नायत? मी म्हटलं, येतायत. किती वेळा म्हटलं येतायत."

बाहेर कोणीतरी हसत होतं. कोपऱ्यातला पंखा फिरत होता.

"घरी जाऊन सदरा काढला तेव्हा घड्याळ सापडलं. द्यायला येणार होतो. पण काय सांगून देणार? कोणी काढलं, कधी काढलं? तुमच्या कागदात तो जागीच मेलेला. म्हणून दुकानात ठेवलं. वाटलं, मोबाईलवर त्याच्या घरचं कोणतरी बघंल. ज्याचं त्याला जाईल." मग त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहिलं. "साहेब, तुमाला हाक ऐकू आली नव्हती काय?"

एवढाच प्रश्न होता. आयुष्यात मी हजारो प्रश्न विचारले, पण असा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. "मंग नसंल आली." मग म्हणाले, "लिवा, चोरी. नायतर दुसरं काय लिवणार तुमी?"

वाचकांनी यात त्यांचा मोठेपणा शोधू नये. माझ्यावर त्यांची काही माया नव्हती. पोलिसाशी वैर धरून त्या गावात शेती करता येत नाही, बायको-मुलांना ठाण्याच्या पायऱ्या चढायला लागतात, हे त्यांनी ओळखलं होतं. ते बिनआवाजाचं भय मी वापरलं. मृताच्या अंगावरची मालमत्ता लबाडीने स्वतःकडे ठेवल्याचा गुन्हा दाखल केला. न्यायालयात त्यांनी तो कबूल केला, दंड भरला. वरिष्ठांनी फोन करून तपासाचं कौतुक केलं.

घड्याळ बाईंच्या ताब्यात दिलं, त्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "ते काही बोलले होते का कोणाशी?"

"जागीच गेले, बाई. काही कळलंही नसेल."

"बरं," त्या म्हणाल्या आणि घड्याळ तिथेच मनगटावर बांधलं. त्यांच्या हाताला ते फार मोठं होत होतं.

पुढच्या अपघाताला मी घाटात गेलो तेव्हा दोरवाले रस्त्याच्या कडेला उभे होते आणि दोर दुसऱ्याच्या कमरेला होता. मृताचा भाऊ ओरडून सांगत होता, "त्याला उतरवू नका. तो मढ्यावरचं काढतो." सगळे गप्प होते. मीही. ते तसेच उभे राहिले, मृतदेह वर येईपर्यंत, आणि मग चालत खाली गेले. त्यानंतर घाटातल्या धुक्यात मला हाका ऐकू येऊ लागल्या. भुताच्या नव्हत्या, तसं असतं तर बरं झालं असतं. त्या दोरवाल्यांच्याच आवाजातल्या होत्या, 'साहेब' म्हणून मारलेल्या. मी बदली मागितली. बदलीच्या गावाला दरी नव्हती. हाका तिथेही आल्या.

नोकरी सोडल्यावर मी आधी साताऱ्याला गेलो. बाईंना सगळं सांगितलं, मनगटाच्या सुजेपासून जीपच्या काचेपर्यंत. त्यांच्या हातावर तेच घड्याळ होतं, पट्ट्याला नवीन भोक पाडलेलं. शेवटी म्हणाल्या, "तुम्हाला मी माफ करणार नाही. ते तुम्ही मागूही नका. पण त्या दोरवाल्यांकडे मला घेऊन चला. आणि हे गावासमोर सांगा, माझ्या एकटीसमोर नको."

कापडे गावाजवळच्या दोरवाल्यांच्या अंगणात आम्ही गेलो तेव्हा भात झोडणी चालली होती. शेजारची माणसं जमली, त्यांत त्या दिवशी वर दोर धरलेले दोघंही होते. मी उभं राहून बोललो. हाक आली होती, मी ऐकली होती आणि ओ दिला नव्हता. यांनी काही चोरलं नाही. चोरी मी लिहिली. एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "मंग इतकी वर्षं काय तोंडात गूळ होता काय रे, साहेब?" कोणी तिला गप्प केलं नाही.

दोरवाले माझ्याकडे बघत नव्हते. ते बाईंच्या मनगटाकडे बघत होते, दोन पावलं मागे सरून.

"चालू हाय?" त्यांनी विचारलं.

"मी रोज घालते, दादा. बंद पडूच देत नाही. हात हलला की चालतं ते, कोणाचाही. भिऊ नका." मग त्यांचा आवाज पहिल्यांदा फुटला. "ते एकटे होते का?"

"नाय गो ताई. शेवटपर्यंत माझा सदरा धरून होता. सोडला नाय मी त्याला."

त्या खाली, पेंढ्यावरच बसल्या. दोरवाल्यांच्या बायकोने पाण्याचा तांब्या आणला. मी अंगणाबाहेर जाऊन उभा राहिलो. तिथे माझं काम नव्हतं.

खात्याला मी लेखी जबाब दिला आहे, चौकशी चालू आहे. दोरवाल्यांवरचा निकाल फिरावा म्हणून वकिलामार्फत अर्जही केला आहे. तो मंजूर होईल की नाही, सांगता येत नाही. या प्रकरणाने काय शिकवलं, असं लोक विचारतात. मी एवढंच सांगतो. आरोपी गप्प बसला तर पोलिसाने आधी स्वतःच्या मनात बघावं, तो कोणाला सांभाळून गप्प आहे. आणि सरळ वाटणारी जुळणी बहुतेक वेळा जुळवणाऱ्याच्या सोयीची असते.

दोरवाले आता पुन्हा उतरतात. माझं बोलणं झालं त्याच पावसाळ्यात गावाने त्यांच्या कमरेला दोर बांधला. दोराच्या खुणांत त्यांनी एक नवी घातली आहे. दोर थांबवायचा नाही, सलग हलवत राहायचा. त्याचा अर्थ, जिवंत आहे, खाली या. ती खूण अजून कधी आलेली नाही.

घाटात काही झालं की मला फोन येतो. मी आता महाडलाच राहतो, तिथून निघतो, वर दोर धरणाऱ्यांत शेवटचा उभा राहतो. माझ्याशी कोणी फारसं बोलत नाही. धुकं असलं की समोरच्या कड्यावरून हाक येते, कधी खरी, कधी नुसता वारा. बाकीचे खाली बघतात. मी दोन्ही हातांनी दोर धरून, होईल तेवढ्या मोठ्याने ओ देतो.